साडेबावन्न मिनिटांचा तास

बाई आम्हाला मोजत होती. बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने. शाळेच्या सहलीत बाई मोजतात तशीच, फक्त इथल्या मुलांची वयं पंचविशी-तिशीतली होती आणि त्यांच्या हातात खाऊच्या डब्याऐवजी बिअरचे कॅन होते. अठरापर्यंत आल्यावर हनुवटी माझ्यावर थांबली. वय पंचावन्न, सुती कुर्ता, पायात चालायचे बूट, चष्म्याला दोरी. तिने माझ्या भाचीला इंग्रजीत विचारलं, "या तुला सोडायला आल्यात का?"

"नाही. बुकिंग मावशीनेच केलंय. मी तिच्या सोबतीला."

बाईने माझ्या मनगटावर निळा कागदी पट्टा चिकटवला. "एकोणीस," म्हणाली आणि पुढे गेली.

शुक्रवार होता, रात्रीचे साडेनऊ. रिओ द जानेरोमधल्या लापा भागात, पांढऱ्या कमानींच्या पायथ्याशी आम्ही उभे होतो. गावाच्या नावाचा उच्चार गाववाले 'हिऊ' असा करतात. शब्दाच्या तोंडाशी आलेला र त्यांच्या घशात गेला की ह होतो, हे दोन दिवसांत कानाला सरावलं होतं.

यंदाच्या अंकाचा विषय 'रात्रपाळी' असल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात इस्पितळ, छापखाना किंवा दादरचा पहाटेचा फूलबाजार असणार. माझ्या मनातही तेच होतं. आमचे वडील लालबागच्या गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे; रात्रपाळी म्हटलं की मला भरदुपारी अंधार केलेली खोली आणि "बाबा झोपलेत, हळू बोला" आठवतं. पण भाचीचं साओ पाउलोत काम निघालं, मी बरोबर जायचं ठरलं. संपादकांना भीत भीत सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "तिथेही रात्र होतेच की."

म्हणून हा 'पब क्रॉल'. शंभरेक रेआल भरायचे, म्हणजे आपले दीड हजाराच्या आसपास. त्यात तीन बार, शेवटी एक नाचाचा क्लब, एकदोन पेयं आणि एक मार्गदर्शक. एकमेकांना न ओळखणाऱ्या वीस माणसांना दारूच्या ठिकाणांमधून पाच तास फिरवायचं, कुणाला हरवू द्यायचं नाही, कुणाला लुटू द्यायचं नाही, आणि तरी प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मर्जीने भटकलो. मला या पाळीवरची माणसं बघायची होती.

खिशात काय ठेवायचं

मार्गदर्शक बाई चाळिशीच्या आतबाहेरची, बुटकी, आवाज खणखणीत. गळ्यात सरकारी नोंदणीचं ओळखपत्र. ब्राझीलमध्ये पर्यटन मार्गदर्शकाचा व्यवसाय 1993 च्या कायद्याने बांधलेला आहे. प्रशिक्षण घेऊन पर्यटन मंत्रालयाकडे नोंद करावी लागते. तिने आधी ते ओळखपत्र दाखवलं आणि मग नियम सांगितले.

फोन हातात धरून पदपथावर उभं राहायचं नाही. नकाशा बघायचा तर दुकानात शिरा, भिंतीला पाठ लावा, बघा, खिशात टाका. गळ्यातली साखळी आत. कार्ड एकच, बाकीची खोलीवर. इथले कितीतरी लोक रात्री बाहेर पडताना एक जुना, फुटका फोन वरच्या खिशात ठेवतात. त्याला 'चोराचा फोन' असंच नाव आहे. कुणी अडवलं तर तो देऊन मोकळं व्हायचं. आणि अनोळखी माणसाने आणून दिलेला ग्लास तोंडाला लावायचा नाही. पेयात गुंगीचं औषध घालून लुटण्याच्या प्रकाराला इथे 'शुभ रात्री, सिंड्रेला' म्हणतात. ऐकून दोन ऑस्ट्रेलियन मुलं हसली. बाई हसली नाही. हसू संपेपर्यंत थांबली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

मुलींसाठी आणखी एक वाक्य होतं, आणि ते तिने सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, मुलांकडूनही: 'नाऊं ए नाऊं'. नाही म्हणजे नाही. कार्निव्हलमध्ये बायकांनी दंडावर गोंदवून रूढ केलेली ही घोषणा 2023 च्या डिसेंबरात कायद्याचं नाव झाली. त्या कायद्याने दारू विकणाऱ्या नाइट क्लबांवर आणि कार्यक्रमांवर, त्रास झालेल्या बाईला तिथल्या तिथे आडोसा आणि मदत देण्याची जबाबदारी टाकली आहे.

चालता चालता मी तिला धंद्याचं गणित विचारलं. आधी टाळलं, मग दुसऱ्या बारच्या वाटेवर आपणहून सांगितलं. हिऊतले लोक उशिरा बाहेर पडतात. जेवण नऊ-दहाला, खरी गर्दी अकरानंतर. साडेनऊ ते अकरा बार रिकामा असतो, पण पंखे, दिवे, वेटर, बर्फ यांचा खर्च चालूच. रिकाम्या बारमध्ये कुणी शिरत नाही. परदेशी पोरांचा एक घोळका आत आला की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी चाललंय. "आम्ही विरजण आहोत," हा शब्द अर्थात माझा. ती म्हणाली होती 'खमीर'. त्या बदल्यात बारवाला पहिलं पेय स्वस्तात देतो. क्लबचं उलट: मध्यरात्रीच्या आत आलेल्या प्रत्येक डोक्यामागे तो सहल कंपनीला थोडे पैसे देतो, कारण ही डोकी आत गेल्यावर पीत राहतात. तिला स्वतःला रात्रीची ठरलेली मजुरी मिळते, त्याला 'दियारिया' म्हणतात, म्हणजे रोजंदारी. पाऊस पडून सहल रद्द झाली तर तीही नाही.

कमानी

आता कमानींविषयी, कारण त्यांच्याखाली आमचा अर्धा तास गेला. हा पूल नव्हता, पाट होता. कारियोका नदीचं पाणी डोंगरावरून शहरात आणण्यासाठी बांधलेला, दुमजली, 42 कमानींचा, 270 मीटर लांब. 1750 मध्ये पुरा झाला, गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी आणि मूळ निवासी माणसांच्या हातांनी. नदीचं नाव पुढे माणसांना लागलं. हिऊचा माणूस स्वतःला कारियोका म्हणवतो. पाण्याची गरज सरल्यावर, 1896 पासून, त्याच पाटावरून सांता तेरेझाच्या टेकडीवर ट्राम जाऊ लागली. पिवळी, उघडी, लाकडी बाकांची. अजून जाते, पण दिवसा. रात्री वर सामसूम आणि खाली सगळा बाजार.

लापाला बदनामीचा इतिहास आहे आणि लापाला तो मिरवायलाही आवडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे जुगाराचे अड्डे होते, कुंटणखाने होते, कवी आणि गवई होते. त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव मादाम साताँ. मूळ नाव जोआऊं फ्रान्सिस्को दोस सांतोस, जन्म 1900, ईशान्येकडच्या पेर्नांबुको प्रांतातला. काळा, गरीब, समलिंगी, आणि ते न लपवणारा. स्त्रीवेषात रंगमंचावर नाचायचा. कापोएरा ही झुंजीची कला अशी खेळायचा की पोलीस घोळक्यानेच जवळ जायचे. कार्निव्हलमधल्या पोशाखावरून हॉलीवूडच्या एका चित्रपटाचं नाव त्याला चिकटलं. आयुष्याची सत्तावीसेक वर्षं तुरुंगात गेली. 2002 मध्ये करीम आइनुझ यांनी त्याच्यावर चित्रपट केला, म्हणून बाहेरच्यांना तो ठाऊक. आमच्या बाईने मात्र त्याच्याविषयी एकच गोष्ट सांगितली: तो बारचा राखणदारही होता, रात्री काम करणाऱ्या बायकांना सांभाळायचा. "आमच्या धंद्यातला माणूस," ती म्हणाली.

कमानींखाली थर्माकोलच्या खोक्यांची रांग असते. त्यात बर्फ, बर्फात कॅन, खोक्यावर टोचलेला भावाचा पुठ्ठा. आणि प्रत्येक विक्रेत्याच्या गळ्यात, प्लॅस्टिकमध्ये घातलेला काळा-पांढरा चौकोन. बघून मी भाचीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. आपल्या भाजीवालीच्या गाडीवर असतो तोच. त्यांच्या पद्धतीचं नाव पिक्स, 2020 च्या नोव्हेंबरात तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच सुरू केलेली. पण आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे तिथला कर क्रमांक आणि तिथलं बँक खातं नव्हतं. मी एका काकांकडून पाण्याची बाटली घेतली आणि नोटा मोजू लागले, तेव्हा ते माझ्याकडे जुन्या काळातल्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले.

त्यांच्याशी थोडं बोलणं झालं, भाचीच्या मोडक्या पोर्तुगीजमधून. सगळ्यात मोठी चिंता बर्फाची. संध्याकाळी सहाला भरलेला बर्फ दोनपर्यंत टिकला पाहिजे. मध्येच पुन्हा घ्यावा लागला तर त्या रात्रीचा नफा त्यातच जातो. म्हणून झाकण उघडायचं ते अगदी तेवढ्यापुरतं, हात आत घालून न बघता कॅन ओळखायचा. दुसरी चिंता 'हापा'ची. हापा म्हणजे परवाना नसलेल्यांचा माल उचलून नेणारं पालिकेचं पथक. आपल्याकडे "गाडी आली" अशी हाक गेली की फुटपाथ जसा क्षणात रिकामा होतो, तसं तिथेही होतं असं ते म्हणाले. त्या रात्री नाही झालं. मला बघायला मिळालं नाही याची चुटपुट लागली आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

बोंडू आणि पगार

दुसऱ्या बारमध्ये आम्हाला पट्ट्यावरची कायपिरिन्या मिळाली. ही ब्राझीलची राष्ट्रीय मिजास: काशासा, लिंबू, साखर, बर्फ. काशासा उसाच्या रसाची, गुळाची किंवा मळीची नाही, यावर तिथली माणसं भांडायला उठतात. गल्ल्यामागचा मुलगा लिंबाच्या फोडी साखरेत दांड्याने दाबत होता. कुटत नव्हता, दाबत होता. जास्त ठेचलं की सालीखालचा पांढरा भाग फुटतो आणि कडवटपणा उतरतो. शंभर ग्लास करून त्याच्या मनगटाला आता ते आपोआप कळतं.

फळ्यावर इतर फळांच्या कायपिरिन्याही होत्या, त्यात एक 'काजू'. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. मी तीच मागितली. ग्लासात आला बोंडूचा रस, तोच घशाला धरणारा तुरटपणा, तोच एप्रिलच्या दुपारचा वास. काजूचं झाड मूळ ब्राझीलचं, शब्दही तिथल्या तुपी भाषेतला. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं. गोव्याने बोंडूची फेणी केली, पण आपल्याकडे किती बागांमधून बी काढून घेतल्यावर बोंडू झाडाखाली कुजत पडतात. इथे बोंडू बारच्या फळ्यावर चढलाय, रस म्हणून बाटलीत भरून मिळतो. उलट वाटेने गेलेलं फळ म्हणजे फणस. 'जाका' म्हणतात. तो हिऊच्या तिझुका जंगलात इतका माजलाय की वनखात्याची डोकेदुखी झालाय. मात्र शाकाहारी माणसाचं भलं झालं: कोंबडीच्या जागी कोवळ्या फणसाचं सारण घातलेली तळलेली 'कोशिन्या' मी त्या रात्री दोनदा खाल्ली. अर्धीच कायपिरिन्या प्याले, हेही सांगून टाकते.

दारात प्रत्येकाच्या हाती एक कार्ड देतात, 'कोमांदा'. जे घ्याल ते त्यावर चढतं, पैसे बाहेर पडताना. दाराशी राखणदार, 'पैसे दिले' असा शिक्का दाखवल्याशिवाय सोडत नाही. कार्ड हरवलं तर जबर दंड घेणारी ठिकाणं आहेत, आणि असा दंड बेकायदा आहे असं तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणा वर्षानुवर्षं सांगतायत. पण पहाटे दोनला, डोकं हलकं झालेलं असताना, कायदा कोण सांगत बसणार? आमच्यातल्या एका मुलाचं कार्ड हरवलंच. बाई आत गेली, दहा मिनिटांनी त्याला घेऊन बाहेर आली. काय बोलली ते सांगितलं नाही.

बिलात दोन जादा ओळी असतात. एक दहा टक्के सेवा, जी देणं ऐच्छिक. दुसरी गाणंबजावणं असेल तर माणशी ठरावीक रक्कम, 'कूवेर', जी आधी सांगणं बंधनकारक. खिडकीवर पाटी होती, त्यातला एक शब्द मी मोठ्याने वाचला: 'पागार'. म्हणजे पैसे चुकते करणे. मी बाईला म्हटलं, हा शब्द तुमच्या लोकांनी आमच्याकडे सोडला. आम्ही महिन्याच्या वेतनाला पगार म्हणतो. तिला इतकं हसू आलं की खिडकीतल्या मुलीला पुन्हा सांगावं लागलं. "म्हणजे तुमच्याकडे तो मिळतो," ती म्हणाली, "इथे नुसता द्यावा लागतो."

त्यावरूनच तासाचा विषय निघाला. बरोबर दहा वाजता, आम्ही पहिल्या बारमध्ये असताना, एका वेटरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मुठीने हवेत छोटासा ठोसा मारला होता. का, ते आता तिने सांगितलं. ब्राझीलच्या कामगार कायद्यात, 1943 च्या, अध्यक्ष जेतुलिओ वार्गासच्या काळातल्या, रात्रीचा तास साठ मिनिटांचा नाही. दहा ते पहाटे पाच या वेळेत साडेबावन्न मिनिटं भरली की एक तास झाला असं धरतात, आणि त्या तासाचे पैसे निदान 20 टक्के जास्त. मी कागदी रुमालावर गणित मांडलं. दहा ते पाच, घड्याळाचे सात तास. साडेबावन्नने भागले की बरोबर आठ. म्हणजे रात्री सात तास जागणाऱ्याने पूर्ण पाळी केली असं सरकार मानतं. रात्र माणसाला लवकर थकवते हे घड्याळातच लिहून ठेवलेला कायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तो रुमाल अजून माझ्याकडे आहे.

"पण हे पुस्तकवाल्यांसाठी," ती म्हणाली. पुस्तक म्हणजे कामगाराचं नोंदवहीसारखं सरकारी कार्यपत्र, ज्यात मालक सही करतो. आता ते फोनवर आलंय, तरी लोक पुस्तकच म्हणतात. वेटरचं पुस्तक आहे. लिंबू दाबणाऱ्या मुलाला शुक्रवार-शनिवारपुरतं बोलावतात, त्याचं नाही. गवयांचं नाही. थर्माकोलवाल्या काकांचं नाही. तिचंही नाही. "आमचा तास साठ मिनिटांचाच. कधी कधी सत्तर."

पुस्तकवाल्यांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. आठवड्यात सहा दिवस काम, एक सुट्टी हा बार-दुकानांतला शिरस्ता. त्याला 'सहाला एक' म्हणतात. हिऊतल्याच एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या रिक आझेवेदोने 2023 मध्ये वैतागून त्यावर एक व्हिडिओ केला, तो देशभर गेला, चळवळ उभी राहिली, आणि 2024 मध्ये तो शहराचा नगरसेवक झाला. 2025 मध्ये ही पद्धत मोडण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव संसदेत दाखल झाला. त्या वेटरच्या छातीवर त्याच मोहिमेचा बिल्ला होता. आधी मला तो फुटबॉल क्लबचा वाटला होता.

दोन ते चार

क्लबविषयी सांगण्यासारखं फार नाही. अंधार, घाम, जगात सगळीकडे वाजतं तेच संगीत, मध्येच फंकचा ठोका आला की स्थानिक पोरं एकदम जागी झाल्यासारखी नाचायची. मी अर्ध्या तासात बाहेर आले आणि राखणदाराच्या शेजारी स्टुलावर बसले. एका मुलीला त्या वेळी सेलारोनच्या रंगीत पायऱ्यांवर फोटो काढायचा होता. खोर्खे सेलारोन या चिलीच्या चित्रकाराने आपल्या घरासमोरच्या 215 पायऱ्या 1990 पासून मरेपर्यंत फरशांनी मढवल्या, जवळच आहेत. बाईने एका शब्दात सांगितलं: "दिवसा."

दोननंतर रस्त्याचा आवाज बदलतो. गाणी कमी होतात आणि कॅन चिरडल्याचा आवाज सुरू होतो. एक म्हातारी गोणी घेऊन फिरत होती. कॅन उचलायचा, उपडा करून उरलेली बिअर गटारात सोडायची, खाली ठेवून टाचेने एकच दाब द्यायचा, गोणीत. नाचणाऱ्या एका मुलाच्या हातातल्या कॅनमध्ये शेवटचा घोट उरला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, घाई न करता. त्याने घोट संपवला, कॅन तिच्या हातात दिला, दोघांनी माना हलवल्या. ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कॅनपैकी 95 टक्क्यांहून जास्त पुन्हा भट्टीत जातात, आणि ही जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांतली गोष्ट म्हणून मोठ्या सभांमध्ये सांगितली जाते. तो आकडा या टाचांनी केलेला आहे. किलोला सत्तरेक कॅन लागतात.

मग नारिंगी गणवेशातले पालिकेचे सफाई कामगार आले. यांना 'गारी' म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या सफाईच्या ठेकेदाराच्या आडनावावरून. 2014 मध्ये ऐन कार्निव्हलात त्यांनी झाडू खाली ठेवले. आठवडाभर हिऊ कचऱ्यात बुडालं, आणि शेवटी त्यांनी 37 टक्के पगारवाढ मिळवली. यांचं पुस्तक आहे. म्हातारीने त्यांच्यातल्या एकाला हाक मारली, त्याने आपल्या ढिगातले कॅन पायाने तिच्याकडे सरकवले. त्याचा तास साडेबावन्न मिनिटांचा, तिचा साठचा.

तीन वाजता बाईने पुन्हा मोजलं. सतरा. एक जोडी टॅक्सीने गेली होती, तिला त्यांच्या गाडीचा क्रमांक ठाऊक होता. ऑस्ट्रेलियन मुलं 'सायदेरा' मागत होती. सायदेरा म्हणजे निघण्याआधीचा शेवटचा ग्लास, आणि तो शेवटचा कधीच नसतो हे त्या शब्दाच्या अर्थातच आहे. बाईने नाही म्हटलं. गाड्या बोलावल्या, प्रत्येक गाडीचा क्रमांक बघून दार उघडलं. आम्हाला सोडताना म्हणाली, "तुम्हाला रात्रपाळी बघायची होती ना? मग सोमवारी या. सोमवारी आमची रात्र."

सोमवार

आपल्याकडे सोमवारी सलून बंद असतात. हिऊत सोमवारी गवयांची सुट्टी. शुक्रवार ते रविवार इतरांच्या मौजेसाठी वाजवायचं, मग स्वतःसाठी कधी? या प्रश्नातून 2005 मध्ये मोआसिर लूझ या गायक-संगीतकाराने हिऊच्या उत्तरेकडच्या आंदराई भागात, रेनासेन्सा क्लबच्या अंगणात सोमवारी दुपारी बैठक भरवायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'सांबा दु त्राबाल्यादोर', कामगाराचा सांबा. बाकीचं शहर कामावर असताना ही माणसं गातात, याची थट्टा त्या नावातच आहे. जागाही तशीच. इतर क्लबांमध्ये काळ्या माणसांना दार बंद म्हणून, सुस्थितीतल्या काळ्या कुटुंबांनी 1951 मध्ये हा क्लब काढला.

त्याआधी सकाळी बाईने आम्हाला बंदराजवळच्या पेद्रा दु सालला नेलं. तिचं दिवसाचं काम तेच. मीठ उतरवायचा खडक, त्यात खोदलेल्या पायऱ्या, रात्री तिथेही सांबा असतो. दोन पावलांवर वालोंगोचा धक्का. 2011 मध्ये रस्ता खणताना तो सापडला. 1811 पासून तिथे सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली असा युनेस्कोचा अंदाज. 2017 पासून तो जागतिक वारसा आहे. 1843 मध्ये ब्राझीलच्या सम्राटाची राणी येणार म्हणून त्यावर नवे दगड अंथरून तो झाकला होता. बाई तिथे फार बोलली नाही. दगड दाखवले, खालचे ओबडधोबड आणि वरचे राणीसाठीचे घडीव.

1888 मध्ये गुलामगिरी संपली, आणि दोन वर्षांत आलेल्या दंडसंहितेत कापोएरा हा गुन्हा ठरला, रिकामटेकडं फिरणं हाही. सांब्याची पांदेरू, म्हणजे हाताने वाजवायची झांजांची डफली, हातात दिसली की पोलीस माणसाला आळशी ठरवून आत टाकत. जोआऊं दा बायआना या वादकाची पांदेरू पोलिसांनी जप्त केली, तेव्हा एका सिनेटरने त्याला आपलं नाव घातलेली नवी भेट दिली, अशी गोष्ट सांगतात; मग ती कुणी हिसकावली नाही. बायआहून आलेल्या तिया सियाताच्या घरात पुढच्या खोलीत सभ्य संगीत, मागच्या अंगणात सांबा, आणि दारात पोलीस आलाच तर पुढची खोली दाखवायची. मिठाई विकून घर चालवणारी ही बाई. तिच्या अंगणातल्या मैफलीतून निघालेलं 'पेलू टेलेफोने' डोंगा या संगीतकाराने 1916 मध्ये स्वतःच्या नावावर नोंदवलं, पुढच्या वर्षी त्याची तबकडी गाजली, आणि ते कुणाचं यावर तेव्हापासून वाद आहे. ते घर आता नाही. त्यावरून रुंद रस्ता गेलाय.

आंदराईच्या अंगणात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मंच नाही. मध्ये एक लांब टेबल, त्याभोवती बसलेले वादक, त्यांच्याभोवती दाटीने उभी माणसं. याला 'होदा' म्हणतात, म्हणजे चाक. टेबलावर बाटल्या, ग्लास, चष्म्याची घरं, कुणाच्या गोळ्यांची पाकिटं. चार तारांचं चिमुकलं कावाकिन्यू सुरुवात करतं, सात तारांची गिटार खालून चालत येते, आणि जमिनीतून येतो तो सुर्दूचा ठोका. एका म्हाताऱ्याकडे कुईका होती: ढोलाच्या आत बसवलेली काडी ओल्या फडक्याने चोळायची, की ढोल रडतो, हसतो, कुत्र्यासारखा केकाटतो. पाळी आली की एकेक जण उभा राहून जागच्या जागी कडवं रचत होता, बाकी अंगण ध्रुपद उचलत होतं. शेजारच्या बाईने माझी टाळी दोनदा दुरुस्त केली. तिसऱ्यांदा माझा हात धरूनच ठेवला.

आमची बाई सपाता घालून आली होती. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, त्यामुळे आधी ओळखूच आली नाही. शुक्रवारी आमच्यासाठी लिंबं दाबणारा मुलगा तिच्या टेबलावर होता. कोमांदाची खिडकी सांभाळणारी मुलगीही. ती मला बघून ओरडली, "पागार!" आणि सगळं टेबल हसलं, गोष्ट पोचलेली होती. मोठ्या बाटलीतली बिअर छोट्या ग्लासांत ओतत होते, प्रत्येकाने दुसऱ्याचा ग्लास भरायचा असा काहीतरी रिवाज असावा, कारण माझा पाण्याचा ग्लासही कुणी ना कुणी भरत राहिलं.

साडेसातला बाईने सायदेरा मागवली. आठला दुसरी. तिसऱ्या सायदेराची बाटली आली तेव्हा साडेआठ झाले होते. कायद्याची रात्र सुरू व्हायला अजून दीड तास होता.